अकरा वह्या आणि इतिहासाचं कपाट

आमच्या वाचनालयातल्या बाइंडरला सगळे मोरचूद म्हणतात. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, आणि पस्तीस वर्षं तो कालवून कालवून त्याच्या नखांच्या कडा निळसर हिरव्या झाल्या आहेत. टोपणनाव पडायला तेवढं पुरलं. तोंडावर आम्ही त्याला 'तुम्ही' म्हणतो आणि पाठीमागे 'तो'. या मजकुरातही तो 'तो'च राहणार आहे, हे माझ्या लक्षात आलंय. सवयीला औषध नाही असं आम्ही मंडळी म्हणतो आणि सवय तशीच ठेवतो.

त्याचं टेबल वाचनकक्षाच्या मागच्या भिंतीला, खिडकीखाली. टेबलावर लाकडी शिकंजा आणि त्यात कायम कुणीतरी जाडजूड लेखक आवळलेला. शेजारी दाभण, मेणाचा गोळा, दोऱ्याची रिळं, खळीचा डबा. त्यानं बांधलेलं पुस्तक उघडताना कुरकुरत नाही आणि पन्नास हातांतून गेलं तरी पान सोडत नाही. मध्ये एकदा वाचनालयाचं छत गळलं, पण त्याची शिवण गळली नाही.

मोरचूद स्वतः मात्र वाचत नसे. हलवायाला गोडाची वासना नसते, तसलं काही असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पानांचे आकडे बघायचा, फॉर्म म्हणजे छापील पानांचे जुडगे जुळवायचा, मजकुराकडे ढुंकून पाहायचा नाही. एकदा एका आत्मचरित्रातलं सबंध प्रकरण गळलेलं होतं. वाचकांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं, त्याच्या आलं. "लेखकाचं लग्न हरवलंय," एवढंच म्हणाला आणि दुसऱ्या प्रतीवरून ते जोडून घेतलं.

आमच्या शहराच्या वर डोंगर आहेत आणि डोंगरात माणसं आहेत. खालची माणसं त्यांना 'वरची' म्हणतात. त्यांना वर मानायचं ते एवढ्यापुरतंच. त्यांची भाषा वेगळी, तिला लिपी नाही. वरच्या माणसाला खाली काम मिळतं ते ओझ्याचं नाहीतर झाडूचं. मोरचूद वरचा होता, आणि पस्तीस वर्षांत हे आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. त्याचं बोलणं आमच्यासारखंच, किंबहुना आमच्या वाचनमंडळातल्या भूगोलाच्या बाईंपेक्षा शुद्ध. त्याची म्हातारी आई फारशी बोलत नाही, असं त्याचे शेजारी सांगत. खरं म्हणजे ती भरपूर बोलायची, पण तिची भाषा उंबऱ्याच्या आत राहील असा मुलाचा नियम होता.

हे आम्हाला कळलं ते आमच्या वाचनमंडळामुळे. म्हणजे मंडळाचा हेतू तसा नव्हता.

मंडळ दर गुरुवारी दुपारी चारला जमतं. मी वाचनालयाचा मानद कार्यवाह, त्यामुळे चहा आधी माझ्याकडे येतो आणि समारोपही मीच करतो. निवृत्त भूगोलाच्या बाई आहेत, एक दंतवैद्य आहेत, आणखी चार-सहा डोकी असतात. गेल्या वर्षी असं ठरलं की वर्षभर परक्या राजवटीवरचं साहित्य वाचायचं. समुद्रापलीकडून आलेल्या साहेबांनी मुलूख कसा मोजला, मूळच्या लोकांच्या डोंगरांना आकडे कसे दिले, त्यांची गाणी आणि नावं कशी पुसली, असं सगळं. विषय मोठा सोयीचा होता. त्यात वाचणारा सोडून बाकी सगळे दोषी असतात.

दंतवैद्य तर पेटलेच. "लुटून नेलेली एकूण एक वस्तू परत केली पाहिजे," असं ते दर गुरुवारी सांगत. "शंभर वर्षं झाली म्हणून चोरीचा माल काय आपला होतो?" मी समारोपात 'सांस्कृतिक अवहेलना' हा शब्द वापरायचो. वर्षभरात तो बराच झिजला.

त्या वर्षातली एक कादंबरी मोडकळीला आलेली होती. ती मोरचूदकडे गेली आणि दोन गुरुवार परत आली नाही. तिसऱ्या गुरुवारी त्यानं ती आणून माझ्यासमोर ठेवली आणि टेबलाकडे परत न जाता तिथंच खुर्ची ओढून बसला.

"वाचलीत की काय?" मी थट्टेनं विचारलं.

"पानं जुळवता जुळवता," तो म्हणाला.

कादंबरीत एक कारकून होता, मूळच्याच लोकांतला. साहेब गावात मुक्कामाला येतो, तेव्हा हा कारकून आपल्या आजोबांकडचं, पिढ्यान् पिढ्या जपलेलं सामान स्वतःच्या हातानं जाळून टाकतो. साहेबानं तसं सांगितलेलं नसतं. साहेबाला ते घरात आहे हेही माहीत नसतं.

"हे मला काही पटलं नाही बाई," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "जुलूम झाला, समजू शकते. पण कुणी सांगितलेलं नसताना आपल्या हातानं? असा माणूस असतो का कुठे?"

"लेखकानं तिखटमीठ लावलंय," दंतवैद्य म्हणाले. "वाचक रडायला हवा ना."

"असतो, बाई," मोरचूद म्हणाला.

"तुम्ही कुठे बघितलात?"

मोरचूदनं नखाच्या कडेचा निळा रंग अंगठ्यानं खरवडला. "बांधताना," तो म्हणाला. आम्ही हसलो. बाइंडर कधी नव्हे तो विनोद करतोय असं आम्हाला वाटलं.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच तो दाराशी उभा होता.

"साहेब, इतिहासाचं कपाट मोकळं करायचंय."

"का हो? वाचायला सुरुवात केलीत म्हणून सगळंच?"

"फोडायचंय."

इतिहासाचं कपाट म्हणजे आमच्या वाचनालयाचं भूषण. एकशे बेचाळीस खंड. साहेबांच्या काळातले अहवाल, मोजण्या, दौऱ्यांच्या रोजनिशा, एकाच रंगाच्या कापडात बांधलेले. ते त्यानंच नोकरीच्या पहिल्या वर्षी बांधले होते. पाहुणे आले की आम्ही आधी तिथे नेतो. आजवर एकाही खंडाची शिवण सैल झालेली नव्हती.

"दगडासारखे आहेत ते," मी म्हणालो. "कशाला फोडता?"

मग आत आल्यावर त्यानं सांगितलं. शिकंज्याच्या दांड्यावर हात ठेवून, माझ्याकडे न बघता.

त्याचे वडील वर डोंगरात होते. थोडे दिवस खाली येऊन लिहायला शिकलेले, त्या लोकांत बहुधा पहिलेच. वरच्यांच्या प्रत्येक घराण्याचं एक गाणं असतं. त्यात घराण्याची माणसं, ती ज्या झऱ्यांचं पाणी प्यायली ते झरे आणि ज्या उतारांवर राहिली ते उतार, सगळं नावानिशी. वडिलांनी वीस वर्षं म्हाताऱ्या माणसांपुढे बसून ती गाणी उतरवून घेतली. भाषा वरची, अक्षरं खालची. चुकलं तर खोडता यावं म्हणून सगळं पेन्सिलीनं. अकरा वह्या झाल्या. अकराव्या वहीच्या शेवटी त्याच्या आईच्या माहेरचं गाणं होतं. त्या घराण्यातलं आता तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि तिलाही ते सलग येत नव्हतं. वडील गेल्यावर आई त्या वह्या ट्रंकेत घालून मुलाकडे खाली राहायला आली.

"मग?" मी म्हणालो.

"मग मी त्या वापरल्या."

पुस्तक शिवून झालं की त्याच्या पाठीवर खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, एकावर एक, तीन थर. वर पुठ्ठा आणि कापड आलं की त्या दिसत नाहीत. पण पुस्तक उभं राहतं ते त्यांच्या जिवावर. त्यासाठी कागद चिवट लागतो. वडिलांच्या वह्यांचा कागद चिवट होता. मोरचूदनं पानं तीन-तीन बोटांच्या पट्ट्यांत कापली आणि वर्षभरात एकशे बेचाळीस पाठींना लावून टाकली. साहेबांचे अहवाल पस्तीस वर्षं त्या गाण्यांच्या आधारानं ताठ उभे आहेत. योगायोगांना मी फार किंमत देत नाही. त्या वर्षी इतिहासाचं कपाट बांधायला निघालं होतं, एवढंच.

"पण का?" मी विचारलं. "दुसरा कागद नव्हता का?"

त्यानं शिकंज्याचा दांडा अर्धा फेरा फिरवला. "आपण एकदा माझ्या खोलीवर आला होता, साहेब. नेमणुकीचं पत्र द्यायला. ट्रंक उघडी होती. आपण एक वही उचललीत."

मला काही आठवत नव्हतं.

"वाचून बघितलीत आणि म्हणालात, 'अक्षरं तर आपलीच दिसतात, पण हे काय, माकडांचं भाषण उतरवून घेतलंय की काय?' आणि हसलात. चांगल्या मनानं हसलात. मी म्हटलं, 'रद्दी आहे, साहेब. बाइंडिंगला आणलीय.' आपण म्हणालात, 'अरे वा, हुशार आहात.' एकदा रद्दी म्हटल्यावर तिचं रद्दीसारखं काहीतरी करणं भाग होतं. आपण पुन्हा आला असता तर?"

मी पुन्हा त्याच्या खोलीवर कधीच गेलो नाही. जायचं कारणच पडलं नाही.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे वर्षभराचे समारोप एकामागून एक येऊन उभे राहिले, आणि प्रत्येकात तो झिजलेला शब्द होता.

"आणि आत्ताच का काढायच्या?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

कारण उद्या रविवार होता. त्याची मुलगी महाविद्यालयात शिकते, आणि यंदा तिला एकाएकी आजीची भाषा शिकायची लहर आली होती. आजी खूश. ती नातीला म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या वह्या आहेत, त्यातून शीक. मला माझ्या माहेरचं वाचून दाखव, मरायच्या आधी एकदा ऐकू दे." वह्या कुठे आहेत असं विचारलं की मोरचूद पस्तीस वर्षं एकच उत्तर देत आला होता : माळ्यावर. म्हातारीला शिडी चढता येत नाही. मुलीला येते. "बाबा, या रविवारी मी माळा आवरणार," असं ती जेवताना सांगून मोकळी झाली होती.

"उद्यापर्यंत एकशे बेचाळीस?" मी म्हणालो.

"होतील तेवढ्या. रिकाम्या हातानं कसं सांगू?"

मी कपाटाची किल्ली दिली. त्यानं पहिला खंड काढला, सांध्यापाशी कापड चिरलं आणि पुठ्ठा सोलून बाजूला केला. ओलं फडकं पुस्तकाच्या पाठीवर ठेवून तो मनात आकडे मोजत बसला. खळीऐवजी हाडांचा सरस लावला असता तर सगळं बाराच्या भावात गेलं असतं, तो म्हणाला, पण खळ पाण्याचं ऐकते. मग हाडाच्या पट्टीनं त्यानं एक कडा उचलली. कागदाची पट्टी निघाली. खळीतल्या मोरचुदानं हिरवट झालेली, पण अख्खी. कसर लागलेली नव्हती. पेन्सिलीची अक्षरं जशीच्या तशी, ओळी मात्र दोन्ही बाजूंनी कापलेल्या. तीन शब्द, मग काहीच नाही, मग पुन्हा तीन शब्द. काही अक्षरं पुस्तकाच्या पाठीवरच उलटी उमटून राहिली होती.

संध्याकाळपर्यंत नऊ पट्ट्या झाल्या. त्या त्यानं टिपकागदात ठेवल्या आणि छातीशी धरून घरी नेल्या.

रविवारचं मला सोमवारी कळलं. मुलीनं शिडी लावली तेव्हा त्यानं खालून सांगितलं, "चढू नकोस, वर काही नाही." मग आईपुढे त्या नऊ पट्ट्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं. मी वही उचलली होती हे सोडून. "कुणीतरी आलं होतं," एवढंच म्हणाला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काहीच नाही. माझ्याशी बोलणंच बंद केलंय."

म्हातारीनं खरंच मुलाशी अबोला धरला. बोलायची ती नातीशी, तेही फक्त वरच्या भाषेत, आणि उंबऱ्याबिंबऱ्याची पर्वा न करता, दारात बसून. शेजाऱ्यांनी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला आणि तो बराच मोठा निघाला. मुलाला काही सांगायचं झालं तर नातीतर्फे. "त्याला सांग, मीठ कमी आहे." "त्याला सांग, उरलेल्या आण."

पण मेख अशी की वडिलांचं अक्षर त्याच्याशिवाय कुणाला लागत नव्हतं. म्हातारी निरक्षर, मुलीला भाषा अजून मोडकीतोडकीच यायची. म्हणजे वाचायला त्यानंच बसायचं. रोज कामावरून आला की तो दिवसभराच्या पट्ट्या मांडायचा आणि वाचायचा. म्हातारी त्याच्याकडे पाठ करून बसायची. उच्चार चुकला की काठी आपटायची. "काल एका पट्टीत अकरा वेळा," तो मला म्हणाला. "माझे उच्चार खालचे झालेत." हे वाक्य पूर्वी त्यानं अभिमानानं म्हटलं असतं.

गुरुवारी मंडळापुढे त्यानं स्वतःच सगळं सांगून टाकलं. कपाटाचा एक खण रिकामा झाला होता, भूगोलाच्या बाई विचारायच्या थांबत नव्हत्या. तिथंही तो म्हणाला, "कुणीतरी वही बघून हसलं, आणि मला लाज वाटली." बाई हळहळल्या. "कोण मेला तो हलकट?" त्या म्हणाल्या. मोरचूद दोरा ओवत राहिला. मी चष्मा पुसला. इतिवृत्तात मी लिहिलं : 'ऐतिहासिक ग्रंथ दुरुस्तीसाठी काढण्यात आले आहेत.' ते वाक्य अजून तसंच आहे.

तिसऱ्या आठवड्यात एकशे एकेचाळीस खंड फोडून झाले. अकराव्या वहीचा शेवट त्यात नव्हता. कोणतं पुस्तक कोणत्या दिवशी बांधलं याची मोरचूदची जुनी यादी तेव्हा कुठे सापडली, आणि वह्या त्यानं क्रमानंच कापल्या होत्या. शेवटची पानं गेली होती शेवटी बांधलेल्या खंडात. जमीन-मोजणीचा अहवाल, खंड सहावा. तो कपाटात नव्हता. मी देवघेवीचं जुनं रजिस्टर काढलं. तो खंड दंतवैद्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी नेला होता.

मी दवाखान्यात गेलो. दोन रोगी गाल धरून बाकावर बसले होते. बाकाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली खंड सहावा होता.

"हा का?" दंतवैद्य म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही तो बाद केला असेल. एकोणीस वर्षं झाली हो." लुटीच्या मालाबद्दलचं त्यांचंच वाक्य त्यांच्या कानात वाजलं असावं, कारण त्यांनी दोन्ही रोग्यांना उठवलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून पुस्तक ओढून काढलं. कोटाच्या बाहीनं पुसलंही.

तो खंड मी स्वतः मोरचूदच्या घरी नेला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीला जुनी साडी पडदा म्हणून लावलेली. म्हातारी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती, हातात काठी. मुलीनं स्टूल दिलं.

म्हातारीनं नातीला काही विचारलं. "आजी विचारते, हे कोण," मुलगी म्हणाली.

"वाचनालयाचे साहेब," मोरचूद माझ्याआधी म्हणाला. "पुस्तक घेऊन आलेत."

मी तिथे सांगायला हवं होतं. मुलीनं पाणी आणलं होतं. मी पाणी प्यायलो.

त्यानं ताटात ओलं फडकं पसरलं आणि खंडाची पाठ सोलली. तीन थर, तीन पट्ट्या. वरच्या दोन एकाच पानाच्या निघाल्या. एकीला एक जोडल्यावर सहा-सात ओळी पूर्ण झाल्या. त्यानं वाचायला सुरुवात केली.

मला त्यातलं काही कळलं नाही. नाव आलं की आवाज जरा खाली यायचा, एवढं समजत होतं. पहिल्या ओळीला काठी दोनदा वाजली, दुसरीला एकदा. तिसऱ्या ओळीला म्हातारी वाचनाबरोबर पुटपुटू लागली आणि काठी वाजायची थांबली. मुलगी माझ्या कानाशी सांगत होती, "झऱ्याचं नाव… दुसरा झरा… आजीच्या आजीचं नाव…" ज्या अहवालाच्या पाठीवर हे होतं, त्यात त्याच झऱ्यांना एक ते नऊ आकडे दिलेले आहेत. मी नंतर तपासलं.

तिसऱ्या पट्टीवर तो आला. तिच्या जोडीची पट्टी नव्हती. कुठे कातरणात गेली असेल. तो दोन शब्द वाचायचा आणि कडेला येऊन थांबायचा. म्हातारी पुढचं आठवायला बघायची. एकदा आठवलं. नंतरच्या ओळींना नाही. ती काठीवर हनुवटी टेकून वाट पाहत राहिली. शेवटी नातीला काही म्हणाली.

"बाबा, आजी विचारते, पुढचं कुठंय?"

मोरचूदनं पट्टी खाली ठेवली. तो उत्तर द्यायला लागला ते आमच्या भाषेत. पहिल्याच शब्दावर काठी इतक्या जोरात आपटली की ताटातलं पाणी हललं. तो थांबला आणि वरच्या भाषेत पुन्हा सुरुवात केली. छातीवर बोट ठेवून 'मी' म्हणाला, एवढं मलाही कळलं. पुढे अडकला. दोनदा तोंड उघडून मिटलं. मुलीकडे बघून दोन बोटांची कात्री करून दाखवली, तिलाही शब्द येत नव्हता.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"'कापलं'ला शब्द आठवत नाहीये त्यांना," ती म्हणाली.

म्हातारी तीन आठवड्यांत पहिल्यांदा वळली. मुलाच्या हिरव्या नखांकडे बघितलं, मग तोंडाकडे. आणि तिनं त्याला तो शब्द सांगितला. त्याला नीट ऐकू आला नसावा, म्हणून पुन्हा एकदा सांगितला, हळू, लहान मुलाला सांगतात तसा. मग तो जोडून त्यानं वाक्य पुरं केलं.